वरची एक फूट माती

वाचकांचे पत्र : मी मुलुंडला राहते आणि नोकरी करते. माहेरची शेती शहापूर तालुक्यात आहे. वडिलांच्या मागे ती थोरला भाऊ एकटाच कसतो. सातबाऱ्यावर आम्हा दोघांचीही नावे आहेत. एकूण पावणेतीन एकर, त्यात दोन एकर भाताची खाचरे आणि उरलेली वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. गेली काही वर्षे पावसाचा मेळच बसत नाही. 2025 साली मे महिन्यातच पाऊस आला आणि राब, म्हणजे रोपांच्या जागेवर शेण-पाला पसरून भाजणे, राहून गेला. त्याआधी एका वर्षी कापून पसरलेला भात भिजला आणि लोंब्यांना कोंब फुटले. दादा म्हणतो की जमिनीत आता दम राहिला नाही. एकराला दोन गोण्या युरियात भागायचे, तिथे तीन गोण्याही पुरत नाहीत. त्यातच जवळच्या एका वीटभट्टीवाल्याने एक एकरातली वरची फूटभर माती मागितली आहे. त्याचे म्हणणे असे, की खाचर खोल झाले तर पाणी जास्त दिवस थांबेल, शिवाय पैसेही मिळतील. दादाचे मन वळू लागले आहे. माती द्यावी का? आमच्या साठ घरांच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत होते, ते शेतावर नेले तर उपयोग होईल का? आणि मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळांतून आलेला कार्बन) वाढवणारे म्हणून जे द्रावण विकायला येते, ते घ्यावे का?

ताई, नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याला घाई आहे, कारण भातकापणी उरकून रान वाळले की भट्ट्यांसाठी माती उचलायला सुरुवात होते. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. माती देऊ नका. शेतीतल्या इतर बहुतेक गोष्टींत चार मते असू शकतात आणि एखादी चुकली तर पुढच्या हंगामात सुधारता येते; ही मात्र एकदा हातून झाली की तुमच्या हयातीत मागे घेता येणार नाही.

भट्टीवाला ब्रासच्या भावाने बोलत असेल, तर आपणही हिशेब ब्रासमध्येच (शंभर घनफुटांचा एक ब्रास) मांडू. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यावरची एक फूट माती 435 ब्रासहून थोडी अधिक भरते आणि वजनात ती सुमारे 1,600 टन होते. तिच्यात सरासरी 0.7 टक्के सेंद्रिय कर्ब धरला, तर अकरा टन कर्ब आणि त्याच्या साधारण अकराव्या हिश्श्याइतके, म्हणजे टनभर नत्र (नायट्रोजन) त्या गाड्यांतून निघून जाते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत पावणेएकवीस किलो नत्र असते, तेव्हा हे जवळपास 48 गोण्यांचे नत्र झाले. आता खरे सांगायचे, तर 266 रुपये 50 पैसे गोणीप्रमाणे याची किंमत तेरा हजारांच्या आतच राहते आणि तिच्यापुढे भट्टीवाल्याचा भाव घसघशीत वाटू शकतो. पण युरियाची ती किंमत सरकारी अनुदानामुळे आहे, आणि गोणीत नत्राखेरीज काही नसते. मातीच्या कणांची जोडणी, जुन्या मुळांनी पाडलेल्या वाटा, जस्त, गंधक आणि हे सारे पिकाला पोचवणारे जीवजंतू कोणत्याही कृषी सेवा केंद्रात गोणीने मिळत नाहीत.

नोकरीत असताना अशी माती दिलेली दोन खाचरे मी पाहिली आहेत. एकात वर्षभरातच मुरूम उघडा पडला होता. दुसऱ्यात भात उभा होता, पण लावणीनंतर तीन आठवड्यांतच पानांवर गंज चढल्यासारखे तपकिरी ठिपके आले होते. जस्ताच्या कमतरतेची ती ठरलेली खूण आहे आणि वरचा थर काढलेल्या जमिनीत ती अनेकदा दिसते. त्या शेतकऱ्याने मातीचे पैसे घराच्या पत्र्यांना लावले होते आणि पुढे झिंक सल्फेटची पिशवी मात्र तो दरसाल विकत आणत होता.

खाचर खोल झाले की पाणी जास्त थांबते, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते पटते. पाणी थांबते ते मातीच्या बारीक कणांमुळे आणि चिखलणीने, म्हणजे लावणीआधी पाण्यात माती कालवल्याने, खाली बसलेल्या घट्ट थरामुळे. फूटभर माती काढताना तोच थर फुटला आणि खाली मुरूम लागला, तर पाणी थांबण्याऐवजी झिरपून जाईल. खाचराचा एखादा कोपरा खरोखरच उंच असेल, तर त्याला वेगळा उपाय आहे: वरची वीतभर माती आधी एका बाजूला ओढून ठेवावी, खालचा उंचवटा काढून सखल भागात टाकावा आणि मग ओढून ठेवलेली माती पुन्हा वर पसरावी. यात काम दुप्पट पडते, पण माती खाचरातच राहते.

आता दादांच्या तक्रारीकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तिथे आहे. जमिनीत दम राहिला नाही असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक जण बाहेरून काय ओतावे याचा शोध घेऊ लागतात. तुमच्या खाचरांच्या बाबतीत मी उलट प्रश्न विचारतो, की दरसाल तिथून काय काय निघून जाते. भात जातो हे ठीकच आहे. त्यामागोमाग पेंढा जातो, उरलेली धसकटे मोकाट गुरे खातात, शेण आणि झाडांचा कवळ (छाटलेल्या पालेदार फांद्या) राबात जळतो, चिखलणीत तयार झालेले गढूळ पाणी पहिल्याच मोठ्या सरीत बांधावरून ओहोळाला मिळते, आणि दिवाळीनंतर सहा-सात महिने उघडी पडलेली जमीन उन्हात भाजत राहते. पाऊस सरळ पडत होता तोवर हे सारे कसेबसे निभावले. आता त्याच्या तारखाही बदलत आहेत आणि पडण्याची रीतही. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख 11 जून आहे. तुम्ही लिहिता त्या 2025 साली तो 26 मे रोजीच दाखल झाला. एका दिवसात महिन्याचा पाऊस आणि मग पंधरा दिवस कोरडे, असे होऊ लागले की जमिनीचे दुबळेपण लपत नाही.

तिसऱ्या गोणीचे कोडे यातच सुटते. कोकणात भातासाठी हेक्टरी 100 किलो नत्राची सर्वसाधारण शिफारस आहे, म्हणजे एकराला युरियाच्या दोन गोण्यांच्या आसपास. तिसरी गोणी शिफारशीबाहेरची आहे, आणि तरीही ती पुरत नसेल तर नत्र पिकापर्यंत पोचतच नाही असे समजावे. वरून फेकलेल्या युरियाचा काही भाग हवेत उडतो आणि काही बांधावरून वाहतो; शिवाय खाचर मध्येच सुकून पुन्हा भरले की नत्राचे जे रूपांतर होते, त्यातला बराच भाग वायुरूपाने निघून जातो. यावरचा उपाय कोकणात नवा नाही. मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या नावाशी जोडलेल्या चारसूत्री भात लागवडीत युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) यांच्या 2.7 ग्रॅमच्या गोळ्या वापरतात. रोपे 15 आणि 25 सेंटीमीटरच्या आलटून-पालटून अंतराने लावायची आणि लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची. एकराला साधारण 70 किलो गोळ्या लागतात. चिखलात गाडलेली गोळी हळूहळू विरघळते आणि पाणी बांधावरून गेले तरी ती जागेवरच राहते. हे काम कंटाळवाणे आहे, कंबर मोडते, आणि वाकून गोळ्या खोचणारी मजूर बाई जास्त मजुरी मागते, ते रास्तच आहे. तरीही खते आणि मजुरी यांचा एकत्र हिशेब करून एका खाचरापुरते हे जरूर करून पाहावे.

याच चारसूत्रीची आणखी दोन सूत्रे तुमच्या कामाची आहेत. एक, भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळणे. तिच्यातल्या सिलिकामुळे रोपे ताठ होतात. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला लावणीपूर्वी चिखलात गाडणे. गिरिपुष्प म्हणजे बांधावरची उंदीरमारी. तिच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला बांधावर खोचल्या की बहुधा जगतात, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि लावणीच्या वेळी पाल्यासाठी छाटली की सावलीचीही अडचण होत नाही. हेक्टरी तीन टन पाला हे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन वर्षांत त्याच्या जवळपासही पोचणार नाही, हे धरून चालावे.

राबाबद्दल मात्र एक विनंती आहे. तुम्ही शहरातून जाऊन पहिल्याच वर्षी दादांना राब बंद करायला सांगू नका. दोन-चार गुंठे जागा भाजल्याने तणाचे बी मरते, रोप जोमदार येते आणि उपटायला सोपे जाते. पिढ्यानपिढ्या तो चालत आला त्याला ही कारणे आहेत. त्याचे नुकसान भाजलेल्या तुकड्यापेक्षा भाजण्यासाठी गोळा केलेल्या शेणापाल्यात आहे, कारण ते सारे एरवी खाचरात कुजले असते. मेमध्येच पाऊस येऊन राब राहिला, तशी वेळ पुन्हा आली तर गादीवाफ्यावर राख आणि कुजलेले शेणखत घालून रोपे करता येतात. एकदा नाइलाजाने केलेले पटले, तर पुढे सांगावेही लागत नाही.

कापणीनंतरची उघडी जमीन हा सर्वांत मोठा तोटा आहे आणि तिच्यावरचा उपाय तुमच्या आजोबांनाही ठाऊक असेल: भात निघताच ओलीवर वाल टाकणे. वालाची मुळे जमिनीला धरून ठेवतात, त्यांच्यावरच्या गाठींत हवेतले नत्र साठते, आणि कडव्या वालाला मुंबईत काय भाव येतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम (गाठींत नत्र साठवणाऱ्या जिवाणूंचे खत) चोळून पेरावे. अडचण शेतीशास्त्राची नाही, गुरांची आहे. भात निघाला की गावची गुरे मोकाट सुटतात आणि एकट्याचा हिरवा तुकडा सर्वांच्या डोळ्यांत येतो. शेजारच्या दोन-तीन खाचरवाल्यांनी मिळून वाल केला तर राखण वाटून घेता येते. नाहीतर कुंपणाचा खर्च धरावा लागतो. या खर्चाकडे शेवटी पुन्हा येतो.

नांगरणी आणि चिखलणीच न करता भात घेण्याची एक पद्धत कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केली. तिला सगुणा राइस तंत्र म्हणतात. कायमचे गादीवाफे करायचे, ठरावीक अंतरावर बी टोकायचे, कापणीनंतर मुळे उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यायची. मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, त्यांतून पाणी मुरते आणि कर्ब जिथल्या तिथे राहतो. मला ही पद्धत मोलाची वाटते, पण तिची दुखरी बाजूही सांगतो: चिखलणी गेली की तण वाढते, ते मारायला बहुतेक जण ग्लायफोसेटकडे वळतात, आणि त्या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने 2022 मध्ये निर्बंध घातले आहेत. म्हणून सगळी दोन एकर एकदम बदलण्यापेक्षा पाणी न तुंबणाऱ्या एका कोपऱ्यात पाच गुंठ्यांवर करून पाहा. दादांसह एकदा नेरळला जाऊन या. ठाण्याला गाडी बदलली की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते.

तुमच्या सोसायटीच्या खताबद्दल मला मनापासून आनंद झाला, आणि तरीही हात थोडा आखडता घ्यायला सांगतो. साठ घरांतून दिवसाला चाळीस किलो ओला कचरा धरला, तर वर्षाकाठी त्याचे अडीच-तीन टन खत होईल. एक एकर जमिनीच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात कर्ब फक्त 0.1 टक्क्याने वाढवायचा, तर सुमारे 800 किलो कर्ब तिथे टिकून राहावा लागतो. तीन टन खतात जेमतेम पाचशे किलो कर्ब असतो आणि आपल्या उष्ण हवेत त्यातला बराचसा काही वर्षांत पुन्हा हवेत जातो. म्हणजे सोसायटीचे वर्षभराचे सगळे खत एकाच एकरात टाकले तरी मातीपरीक्षणाच्या अहवालातला आकडा फारसा हलणार नाही. खत वाया जाणार नाही, पण ते दोन एकरांवर पसरण्यात अर्थ नाही. रोपवाटिकेत, परसातल्या भाजीला आणि बांधावर लावायच्या रोपांच्या खड्ड्यांत ते वापरावे.

नेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. खत बारीक चाळणीतून चाळा आणि चाळणीवर काय राहते ते पाहा. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत चाळणीवर सर्वांत जास्त निघाले ते दुधाच्या पिशव्यांचे कात्रीने कापलेले त्रिकोणी कोपरे. ते नखाएवढे असतात, त्यामुळे कचरा वेगळा करताना कोणाच्या नजरेस येत नाहीत. खाचरात गेले की ते कायमचे तिथेच. दुसरी गोष्ट, एका कुंडीत निव्वळ खत आणि एका कुंडीत साधी माती घेऊन दोन्हींत मेथीचे पंचवीस-पंचवीस दाणे पेरा. खतातले दाणे उगवलेच नाहीत किंवा उगवून पिवळे पडले, तर खत कच्चे आहे किंवा त्यात क्षार जास्त आहेत. घरच्या उरलेल्या आमटी-भाजीतले मीठ त्यातच जाते. असे खत आणखी दोन महिने मुरू द्या.

द्रावणाविषयी दोनच वाक्ये पुरेत. वर सांगितलेले 800 किलो एक लिटरच्या बाटलीत मावत नाहीत, आणि जिवाणूंना खायला जमिनीत काही शिल्लक नसेल तर बाटलीतून आलेले जिवाणूही उपाशीच राहतात.

मातीपरीक्षण मात्र कराच. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी 2015 पासून आहे आणि तिच्यात सामू (माती आम्ल की विम्ल), क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून बारा गोष्टी तपासतात. कापणीनंतर आणि नवे खत घालण्यापूर्वी, प्रत्येक खाचरातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि शेणाच्या ढिगाजवळची जागा टाळावी. सगळी माती मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे आणि अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरून खाचराचे नाव लिहावे. तालुका कृषी कार्यालयात ती कुठे द्यायची हे सांगतील. कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली आला तर कमी, 0.75 च्या वर गेला तर भरपूर समजतात. चुना घालायचा का, याचा विचार सामू पाहूनच करावा. शेजाऱ्याने घातला म्हणून घालू नये.

आता दादांविषयी. वीटमाती गौण खनिजात मोडते, तिच्या उत्खननाला महसूल खात्याची परवानगी लागते, आणि सातबाऱ्यावर तुमचे नाव असल्याने तुम्हाला डावलून व्यवहार होऊ नये, हे सगळे बरोबर आहे. पण बोलण्याची सुरुवात तिथून केलीत तर भाऊ-बहीण वकिलांच्या दारात पोचतील आणि माती भट्टीवर जाईलच. वर्षभर घाम गाळणारा माणूस माती विकायला निघतो तेव्हा त्याला पैशांची काहीतरी नड असते. ती कर्जाची आहे, लग्नाची की दवाखान्याची, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते आधी विचारा. जमिनीत तुमचा हिस्सा आहे आणि आजवर खर्चात तो नसेल, तर वालाच्या कुंपणाचा आणि गोळ्या खोचण्याच्या मजुरीचा एका वर्षाचा भार तुम्ही उचला.

भाऊबीजेला दादा मुलुंडला येत असतील, तर त्यांना आधीच फोन करून सांगा की कापणीच्या दिवशी खाचरातले एक आणि कधीच न नांगरलेल्या, गवताळ बांधावरचे एक अशी लिंबाएवढी दोन ढेकळे पडवीत वाळत टाका आणि येताना घेऊन या. ओवाळणी झाली की ओट्यावर काचेचे दोन पेले पाण्याने काठोकाठ भरून ठेवा, प्रत्येकावर चहाची गाळणी अशी टेकवा की तिचा तळ पाण्यात राहील, आणि दोन्ही ढेकळे दादांनाच हलकेच त्यांत सोडायला सांगा. बांधावरचे ढेकूळ बहुधा पाच मिनिटांनंतरही आकार धरून असेल. खाचरातले विरघळून तळाशी गाळ होऊन बसेल. दोन्ही माती एकाच शेतातली आहे, हे दादांना वेगळे सांगायला नको. भट्टीवाल्याचा विषय त्यानंतर काढा.